वेढ्याच्या तोफा कुणाच्या शब्दावर हलतात? १७८१ ची वॉशिंग्टन-रोशाँबो पत्रं कशी वाचावीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली, त्यातही १७८०-८१ मधली, जॉर्ज वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशाँबो यांची पत्रं तुम्ही वाचायला घेतलीत. लढाईच्या डावपेचांची चर्चा मिळेल असं वाटलं होतं, पण पानोपानी तोफा, दारू, गाड्या, बैल आणि जहाजं. शिवाय भाषा इतकी मर्यादशील की कोण हुकूम देतोय आणि कोण विनंती करतोय तेच उमगत नाही. ही पत्रं वाचायची कशी, आणि सुरुवात कुठून करायची?

माझी नोकरी तोफखान्यात झाली आणि तिचा बराच काळ दारूगोळ्याच्या हिशोबात गेला. देवळालीच्या फायरिंग रेंजवर ज्यांनी एकदा जरी राउंड वेळेवर न पोहोचल्याने तोफ गप्प बसलेली पाहिली असेल, त्यांना ही पत्रं रुक्ष वाटणार नाहीत. मला तर त्या युद्धाच्या कुठल्याही वर्णनापेक्षा ती जास्त खरी वाटतात. वाचण्याची किल्ली माझ्या मते एकच आहे. दोस्त सैन्यांच्या पत्रव्यवहारात तोफ कुठे ठेवली आहे हे नंतर बघा. ती कुणाच्या शब्दावर जागची हलेल, हे आधी शोधा. एकाच सैन्यात हा प्रश्न येत नाही, तिथे इंडेंट (लेखी मागणीपत्र) असतं आणि त्याखाली सही असते. दोन राजसत्तांच्या सैन्यांत मात्र जवळपास प्रत्येक गोष्ट मागून घ्यावी लागते, आणि तोफ ही मागायला सगळ्यात जड वस्तू आहे.

जड म्हणजे किती, ते आधी डोळ्यांसमोर आणा. वेढ्यात तट फोडायला लागणारी चोवीस पौंडी तोफ, गाडा सोडून नुसती नळी, अडीच टनांच्या आसपास भरते. एका बाराला गोळ्याच्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा दारू धरा, म्हणजे ८ पौंड. दिवसाला ६० बार काढले तर एका तोफेला ४८० पौंड दारू आणि १,४४० पौंड लोखंड लागतं. अशा दहा तोफा आठवडाभर चालवायच्या तर ३३,६०० पौंड दारू आणि लाखभर पौंडांचे गोळे हवेत. हा माझा ढोबळ हिशोब आहे, कुठल्या पत्रातला नाही. पण पत्र लिहिणाऱ्या प्रत्येक गोलंदाज अधिकाऱ्याच्या डोक्यात असाच काहीतरी आकडा घोळत असायचा, आणि तो नीट कळला की ‘आमच्याकडे गाड्यांची थोडी अडचण आहे’ या सौम्य वाक्याखालची धास्ती दिसू लागते.

अमेरिकनांना या बाबतीत पहिला चटका १७७५ मध्येच बसला होता. बोस्टनला वेढा घालून बसलेल्या वॉशिंग्टनला कागदावर ३०८ पिंपं दारू दिसत होती. ऑगस्टच्या सुरुवातीला कळलं की प्रत्यक्षात ३६ च आहेत. मॅसॅच्युसेट्सच्या लोकांनी पाठवलेल्या तक्त्यात शिल्लक साठा नव्हता, सुरुवातीपासून जमा झालेली सगळी दारू होती, उडवलेलीसुद्धा. माणशी नऊ बारांपुरती दारू उरली होती. हे ऐकल्यावर वॉशिंग्टन अर्धा तास एक शब्द बोलला नाही, असं जनरल सलिव्हनने लिहून ठेवलं आहे. जमा आणि शिल्लक यांची गल्लत आजही कुठल्याही कोठारात होते. तिथे शत्रू समोर होता आणि ही गोष्ट त्याच्या कानावर जाऊ द्यायची नव्हती, एवढाच फरक. म्हणून या काळातल्या कुठल्याही पत्रात साठ्याचा आकडा आला की तो हातातला आहे, वाटेतला आहे की नुसता कबूल केलेला आहे, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दारू आणि तोफा आल्या कुठून? युद्धाच्या पहिल्या दोन-अडीच वर्षांतली नव्वद टक्क्यांच्या घरातली दारू समुद्रापलीकडून आली. तोफांचं तर आणखी विशेष आहे. फ्रान्सने १७६५ पासून ग्रिबोव्हाल या तोफखाना अधिकाऱ्याच्या आराखड्याप्रमाणे आपला तोफखाना नव्याने बांधायला घेतला होता, त्यामुळे जुन्या धाटणीच्या तोफा शस्त्रागारांत पडून होत्या. १७७६ मध्ये नाटककार बोमार्शेने ‘रोद्रीग ओर्तालेझ’ या नावाने एक नाममात्र व्यापारी पेढी उघडली. तिला फ्रान्सच्या राजाने दहा लाख आणि स्पेनने दहा लाख लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) दिले, आणि या जुन्या तोफा ‘व्यापारी माल’ म्हणून अमेरिकेकडे निघाल्या. अजून युती नव्हती. ती ६ फेब्रुवारी १७७८ ला झाली. म्हणजे दोस्तीचा करार होण्याआधी तोफा पोहोचल्या होत्या.

त्या तोफांबरोबर एक माणूसही आला आणि त्याच्यामुळे जो पत्रव्यवहार पेटला तो जरूर वाचा. फिलिप त्रोंसाँ द्यू कुद्रे हा फ्रेंच तोफखान्याचा अधिकारी. शस्त्रागारांतून तोफा निवडायचं काम त्याने केलं होतं. पॅरिसमधला अमेरिकन प्रतिनिधी सायलस डीन याने त्याला मेजर जनरलचा हुद्दा आणि अख्ख्या अमेरिकन तोफखान्याचं नेतृत्व कबूल करून टाकलं. हा गृहस्थ ‘अँफित्रीत’ या तोफांनी भरलेल्या जहाजावर चढला, ते डिसेंबर १७७६ मध्ये ल हाव्र बंदरातून निघालं, आणि जहाजावर सोय बरी नाही म्हणून त्याने ते परत लोरियाँला वळवायला लावलं. बोमार्शेचा संताप झाला. शेवटी जहाज द्यू कुद्रेला मागे ठेवूनच गेलं आणि वसंतात न्यू हॅम्पशरच्या पोर्ट्समथला लागलं. द्यू कुद्रे दुसऱ्या जहाजाने येऊन डीनचा कागद पुढे करू लागला, तेव्हा हेन्री नॉक्स, ग्रीन आणि सलिव्हन या तिघा अमेरिकन सेनानींनी काँग्रेसला (अमेरिकन वसाहतींच्या प्रतिनिधी सभेला) कळवलं की हे खरं असेल तर आमचे राजीनामे घ्या. काँग्रेस त्यांच्यावरही चिडली. नॉक्स म्हणजे बोस्टनचा पुस्तकविक्रेता. तोफखाना पुस्तकांतून शिकलेला, आणि पंचविशीत टायकॉन्डरोगाच्या किल्ल्यातून साठेक तोफा बर्फावरून घसरगाड्यांवर घालून बोस्टनला आणलेला माणूस. त्याला बाजूला सारून परक्याला आणणं वॉशिंग्टनला कधीच मानवलं नसतं. द्यू कुद्रेला लष्करी कारखान्यांचा आणि शस्त्रसामग्रीचा निरीक्षक नेमून वाट काढली गेली. सप्टेंबर १७७७ मध्ये स्कुइलकिल नदीवर घोड्यासकट तराफ्यावरून पडून तो बुडाला.

हे प्रकरण मी मुद्दाम लांबवलं, कारण १७८० नंतरच्या पत्रांतला सगळा आदब त्याच्या सावलीत आहे. फ्रान्सने धडा घेतला. जुलै १७८० मध्ये रोशाँबो साडेपाच हजारांच्या आसपास सैन्य घेऊन ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला उतरला, तेव्हा त्याच्या राजाने त्याला वॉशिंग्टनच्या हाताखाली राहण्याची आज्ञा दिलेली होती. त्याच्या तोफखान्याचा प्रमुख कोंत द’आबोव्हिल. त्याने नॉक्सच्या अधिकारावर कधी हक्क सांगितला नाही. दोघांचे तोफखाने वेगळे, दोघांची खाती वेगळी. पत्रांत हे दोघं एकमेकांविषयी जे लिहितात त्यात खराखुरा व्यावसायिक आदर आहे. फ्रेंच अधिकाऱ्यांना पुस्तकविक्रेत्याच्या तोफखान्याचं नवल वाटत होतं आणि त्यांनी ते मोकळेपणाने लिहिलं.

पण एक फट राहिली होती आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. रोशाँबो वॉशिंग्टनच्या हुकमात होता, फ्रेंच आरमार नव्हतं. आणि वेढ्याच्या तोफा आरमाराशिवाय हलत नव्हत्या.

पत्रं उघडताना आणखी दोन गोष्टी मनात ठेवा. पहिली भाषेची. वॉशिंग्टनला फ्रेंच येत नव्हतं, रोशाँबोला इंग्रजी येत नव्हतं. मध्ये लाफायेत, शास्तेल्यु, हॅमिल्टन, लॉरेन्स असे दुभाषे. म्हणून तोफांविषयीच्या पत्रांत मुद्दे सुटे आणि स्पष्ट मांडलेले दिसतात. बैठकीत तर एका बाजूला लेखी प्रश्न आणि समोर लेखी उत्तर. ही पद्धत मला फार आवडते, कारण तिच्यात ‘बघू’ म्हणायला जागा राहत नाही.

दुसरी वजना-मापांची. वजनाचा फ्रेंच लिव्र, म्हणजे त्यांचा पौंड, साधारण ४८९ ग्रॅमचा, इंग्रजी पौंड ४५४ ग्रॅमचा. फ्रेंच इंच २७ मिलिमीटरचा, इंग्रजी २५.४ चा. म्हणजे कागदावर दोन्हीकडे ‘चोवीस’च, पण फ्रेंच गोळा पावणेबारा किलोचा आणि इंग्रजी पावणेअकराच्या थोडा वर. फ्रेंच गोळा अमेरिकनांच्या इंग्रजी मापाच्या नळीत जाणार नाही. इंग्रजी गोळा फ्रेंच नळीत खुळखुळेल, दारूचा जोर बाजूने निसटेल आणि नेम जाईल. मोठ्या उखळी तोफांच्या बाँबगोळ्यांचंही तेच. त्यामुळे ‘तुमच्याकडचे पाचशे गोळे द्या’ अशी मागणी जशीच्या तशी भागत नाही, तोफ आणि गोळा जोडीनेच मागावे लागतात. दारू मात्र दोघांना चालते. म्हणून दारूची देवाणघेवाण सोपी आणि गोळ्यांची अवघड, हे पत्रं वाचताना सतत जाणवेल.

आता १७८१. १ मेच्या रोजनिशीत वॉशिंग्टनने स्वतःच्या सैन्याचं जे चित्र काढलं आहे ते वाचवत नाही: कोठारं रिकामी, शस्त्रागारात सामान नाही, कारागीर काम सोडून चाललेत. त्याच महिन्यात, २१-२२ तारखेला, वेदर्सफील्डला तो रोशाँबोला भेटला. नॉक्स बरोबर होता. सैन्यं हडसनकडे एकत्र यायची आणि न्यूयॉर्कवर दबाव आणायचा, असं ठरलं. फ्रेंच आरमाराने न्यूपोर्ट सोडून बोस्टनला सुरक्षित जावं, असंही ठरलं. परंतु आरमाराचा प्रमुख बारास भेटीला येऊ शकला नव्हता, कारण इंग्रज जहाजं समोर दिसत होती. महिनाअखेर न्यूपोर्टला फ्रेंच अधिकाऱ्यांनी आपसांत मसलत करून ठरवलं की आरमार तिथेच राहील. वॉशिंग्टनला हे रुचलं नाही. आता बघा, रोशाँबोचं सैन्य जूनमध्ये पायी निघालं तेव्हा हलक्या मैदानी तोफा बरोबर गेल्या. वेढ्याच्या जड तोफा मागे ऱ्होड आयलंडमध्ये राहिल्या, शुआझी नावाच्या अधिकाऱ्याच्या पाचेकशे माणसांच्या पहाऱ्यात. बारास न्यूपोर्टलाच थांबला म्हणून त्या तोफा आणि त्यांना नेऊ शकणारी जहाजं शेजारीशेजारी राहिली. वेदर्सफील्डचा ठराव शब्दशः पाळला गेला असता तर ऑगस्टमधला हिशोब फार अवघड झाला असता, असं माझं मत आहे.

१४ ऑगस्टला बातमी आली. वेस्ट इंडीजमधल्या अ‍ॅडमिरल द ग्रासचं पत्र ‘काँकॉर्द’ या वेगवान जहाजाने न्यूपोर्टला आणलं होतं: मी २९ युद्धनौका आणि ३,२०० सैनिक घेऊन चेसापीकच्या उपसागरात येतोय, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच थांबेन. व्हर्जिनियात, त्या उपसागराच्या काठी, इंग्रज सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस यॉर्कटाउनला तटबंदी करत बसला होता. वॉशिंग्टनने न्यूयॉर्कचा विचार तिथेच सोडला. सैन्य चालत जाईल. पण तटापुढे मैदानी तोफा घेऊन उभं राहून काय उपयोग? जड तोफा चेसापीकला नेणं फक्त बारासच्या हातात.

आणि बारासच्या मनात वेगळंच होतं. त्याला न्यूफाउंडलंडवर स्वारी करायची होती, तशी मुभाही त्याच्याकडे होती. ज्येष्ठतेत तो द ग्रासच्या आधीचा, म्हणून द ग्रासने त्याच्यावर हुकूम न चालवता त्याला हवं ते करायची मोकळीक दिली होती. वॉशिंग्टन त्याला हुकूम देऊ शकत नव्हता. रोशाँबोही नाही. दोघांनी मिळून त्याला लिहिलं. हे पत्र सावकाश वाचा. त्यात जबरदस्तीचा एक शब्द नाही. न्यूफाउंडलंडची मोहीम वाईट आहे असंही म्हटलेलं नाही. चेसापीकला काय काय अडेल तेवढं सांगितलं आहे, आणि वेढ्याच्या तोफा व खारवलेलं मांस तुमच्याशिवाय येऊ शकत नाही, एवढं समोर ठेवलं आहे. ज्याच्यावर आपला अधिकार नाही त्याला कसं लिहावं याचा यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही. बारासने आपली मोहीम सोडली. तोफा चढवून २५ ऑगस्टला आठ मोठ्या युद्धनौकांसह तो निघाला, इंग्रजांना टाळायला समुद्रात लांबचा वळसा घेतला. ५ सप्टेंबरला द ग्रास आणि इंग्रज अ‍ॅडमिरल ग्रेव्ह्ज उपसागराच्या तोंडाशी लढले आणि पुढचे काही दिवस दोघे बाहेर समुद्रात रेंगाळले; तेवढ्यात, १० तारखेला, बारास आत येऊन नांगर टाकून बसला. कीर्ती द ग्रासला मिळाली. बारासचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तोफांच्या बाजूने पाहिलं तर हा वेढा त्याच्या होकाराने उभा राहिला.

पुढची पत्रं पुन्हा गाड्या आणि होड्यांवर येतात. चेसापीकच्या टोकाला, हेड ऑफ एल्कला, सैन्य पोहोचलं तर सगळ्यांना पुरतील इतक्या होड्या नव्हत्या. बारासबरोबर आलेली वाहतुकीची जहाजंच मग अ‍ॅनापोलिसला जाऊन सैन्य खाली घेऊन आली. जड तोफा जेम्स नदीच्या काठी, ट्रेबेल्स लँडिंगला उतरल्या. तिथून यॉर्कटाउनचे मोर्चे साधारण सहा मैल. समुद्रातून शेकडो मैल आलेल्या तोफा या सहा मैलांत अडखळल्या, कारण गाड्या आणि घोडे जमिनीवरून मागून येत होते आणि रस्ता वाळूचा होता. मिळतील ते बैल, मिळतील ते घोडे जुंपले गेले. शेवटच्या काही मैलांवर सगळं अडणं हे आजच्या सैन्यालाही नवीन नाही. तुम्ही या दिवसांची पत्रं वाचाल तेव्हा जनावरांचे उल्लेख गाळू नका.

१८ सप्टेंबरला द ग्रासच्या ‘व्हिल द पारी’ जहाजावर झालेली प्रश्नोत्तरंही बघा. वॉशिंग्टन विचारतो, तोफा आणि दारू मिळेल का? द ग्रास सांगतो, तोफा काही देता येतील, दारू थोडीच. नुकती एक लढाई झाली, दुसरी होऊ शकते. नकार नाही आणि खोटा दिलासाही नाही. दोस्ताकडून असंच उत्तर यावं. आठवडा उलटत नाही तो इंग्रजांना कुमक येतेय असं ऐकून हाच द ग्रास उपसागर सोडून बाहेर समुद्रात जायची भाषा करतो, आणि वॉशिंग्टनचं त्याला गेलेलं पत्र पहिल्यांदाच आर्जवी होतं. लाफायेत ते घेऊन गेला, द ग्रासच्या कप्तानांनीही थांबण्याकडे कौल दिला आणि तो थांबला.

वेढ्याविषयी थोडक्यात. ६ ऑक्टोबरच्या रात्री पहिला खंदक खणायला घेतला. ९ ला दुपारी तीनच्या सुमारास डावीकडून फ्रेंच तोफा सुरू झाल्या, पाचच्या सुमारास उजवीकडून अमेरिकन. फ्रेंच एका अंगाला, अमेरिकन दुसऱ्या अंगाला, प्रत्येकाचे मोर्चे आणि दारूकोठारं आपापली: यात मानाचा भाग होता, उजवी बाजू मानाची म्हणून ती अमेरिकनांना दिली. पण मी यात मापांचा प्रश्नही सुटलेला पाहतो. गोळे मिसळायची वेळच येत नाही. १५-१६ च्या रात्री इंग्रजांनी बाहेर पडून काही तोफांच्या कानांत (बत्ती देण्याच्या भोकांत) संगिनींची टोकं ठोकून मोडली. काही तासांत त्या पुन्हा चालू झाल्या. सगळ्या वेढ्यात दोस्तांनी पंधरा हजारांहून जास्त बार काढले. १७ ला कॉर्नवॉलिसने बोलणी मागितली, १९ ला शस्त्रं खाली ठेवली.

आपल्याकडच्या वाचकाला इथे एक गोष्ट आठवावी. १७७७ मध्ये, ‘अँफित्रीत’ अमेरिकेला लागली त्याच वर्षी, शेव्हालिए द सँ-ल्युबँ नावाचा फ्रेंच वकील चौल बंदरात उतरून पुण्याला नाना फडणिसांकडे आला होता. इंग्रजांविरुद्ध शस्त्रं आणि माणसं देण्याची बोलणी झाली, इंग्रज त्याने बिथरले, पण पुढच्या वर्षी तो परत गेला आणि त्यातून काही निघालं नाही. बोमार्शेच्या पेढीमागे राजाचे दहा लाख आणि बंदरात उभी जहाजं होती. सँ-ल्युबँकडे तसं काही नव्हतं. दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून वाचली तर फ्रान्सची मदत कुठे आणि का खरी ठरली, हे चांगलं समजतं.

सुरुवात कुठून करायची? वॉशिंग्टनच्या बाजूची बरीच पत्रं अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘फाउंडर्स ऑनलाइन’वर फुकट आहेत, रोशाँबोची कागदपत्रं अमेरिकन काँग्रेसने १८८३ मध्ये विकत घेतली, ती लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. १७७५ पासून ओळीने वाचायला बसू नका, कंटाळाल. १४ ऑगस्ट १७८१ पासून १० सप्टेंबरपर्यंतचे चार आठवडे घ्या. शेजारी वही ठेवा आणि तीन रकाने पाडा: तोफा आज कुठे, दारू आज कुठे, ओढायला काय आहे. प्रत्येक पत्र लिहिल्याची तारीख आणि ते पोहोचल्याची तारीख वेगळी नोंदवा, कारण लिहिणाऱ्याला समोरच्याची आजची स्थिती कधीच माहीत नसते. २५ ऑगस्टनंतर बारास कुठे आहे हे वॉशिंग्टनला दोन आठवड्यांहून अधिक काळ ठाऊक नव्हतं, आणि तरी तो तोफा येणारच असं धरून सैन्य दक्षिणेला नेत होता. ते चार आठवडे झाले की मग मागे वेदर्सफील्डकडे जा. द्यू कुद्रेचं प्रकरण सगळ्यात शेवटी वाचा.